रविवारी दुपारी कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार?

पत्राचा गोषवारा: कल्याणच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४९. घरात गेल्या वर्षी निवृत्त झालेले यजमान, नोकरी करणारा मुलगा आणि ७७ वर्षांच्या सासूबाई. पत्र लिहिणाऱ्या ताई घरबसल्या साड्यांना फॉल-पिको करून देतात. गेल्या काही महिन्यांपासून दर रविवारी साडेतीन ते साडेपाच इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत त्यांच्यासह पाचजणी जमतात. कॅरम आणि बिनपैशाची रमी खेळतात. त्यावरून घरात कुरकुर सुरू झाली आहे. स्वतः सकाळ-संध्याकाळ कट्ट्यावर जाणारे यजमान म्हणतात, "भजनी मंडळात जा की, तिथं कोण अडवतंय? नुसते पत्ते काय कुटायचे?" सासूबाई म्हणतात, "आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तुमची कामं बटणावर होतात, तरी वेळ पुरत नाही." ताई विचारतात: "फॉल-पिको तसंही फावल्या वेळातलं काम. ते बंद करावं, घराकडे नीट बघावं आणि सगळं आटोपलं तरच खेळायला जावं, असं वाटू लागलंय. मी आळशी झालेय का?"

ताई,

तुमच्या पत्रात कॅरमबद्दल चार ओळी आहेत आणि स्वतःच्या बाजूचा खुलासा दीड पान. किती वाजता उठता, डबा कुणाचा, गोळी कुणाची, रविवारी ताटं किती वाजता उचलता, सगळं मांडून ठेवलंय. दोन तासांच्या रजेचा अर्ज करावा आणि सोबत दाखले जोडावेत, तसं. असा अर्ज का करावासा वाटला, ते आधी बघू. आळसाचं नंतर.

'सगळं आटोपलं तर' ही अट कुठून आली? ज्या रविवारी तुम्ही खेळायला जाता, त्या रविवारची सुट्टीच मुळात भांडून मिळालेली आहे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यानं बायकांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली आणि मध्ये दीड तासाची विश्रांती ठेवली. १९४८ च्या कायद्यात आठवड्याचे तास ४८ होते.

यातलं कुणीही 'कापड विणून संपलं तर घरी जा' असं म्हटलेलं नाही. कापड संपत नसतंच. भोंगा झाला की हातातलं काम तिथंच ठेवायचं, एवढाच नियम. गिरणीच्या वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात राबणाऱ्या बाईला रविवारी भोंग्यापासून सुट्टी मिळाली, चुलीपासून मात्र नाही. उलट सगळी माणसं घरात म्हणून रविवार हा स्वयंपाकघराचा सगळ्यात अवजड वार झाला. उशिराच्या अंघोळी, तीनदा चहा, मटणाचं वाटण, दोनच्या पुढं गेलेली जेवणं. घरकामाला भोंगा नाही. ताटं झाली की दूध, दूध तापलं की विरजण, विरजण लावलं की सकाळची भाजी निवडायची. तेव्हा 'आटोपलं तर' असं म्हणणारी बाई कधीच मोकळी होणार नाही, मग ती कितीही चटचट काम करो. तुमचा भोंगा साडेतीनचा.

आता सासूबाई. त्या खोटं बोलत नाहीत. वयाच्या हिशेबानं त्यांचा संसार सुरू झाला असेल १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. वातीचा स्टो, रॉकेलची रांग, रेशनची रांग आणि नळाला पाणी येईल तेव्हा उठणं. पण कष्ट जास्त होते म्हणून फुरसत नव्हतीच, हे मात्र तितकंसं खरं नाही. फुरसत होती, फक्त ती कामाच्या किंवा देवाच्या पदराखाली असायची. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी पहाटे जात्यावर बसून ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आहेत. त्यांत देव आहेत, भाऊ आहे, आणि सासरच्या माणसांना हाणलेले टोलेही आहेत. उन्हाळ्यात चार घरच्या बायका पापड लाटायला बसायच्या, तेव्हा पापडांच्या दुप्पट गप्पा व्हायच्या. मंगळागौरीला रात्र जागवून झिम्मा, फुगडी, पिंगा, 'लाट्या बाई लाट्या', 'अठूडं केलं गठूडं'. भोंडल्याला खिरापत ओळखण्याचा दंगा. हे सगळे उघड उघड खेळच होते. पण घराबाहेर पडताना सांगायला व्रत होतं.

बायकांच्या विरंगुळ्याला आपल्याकडे निमित्त लागत आलं आहे. काळाप्रमाणे निमित्त तेवढं बदललं. देवाचं झालं, मग शिकण्याचं आलं: पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं आणि शिवण, वाचन, पुढे नर्सिंगसाठी बायका घराबाहेर पडू शकल्या. मासिकांतल्या विणकामाच्या पानांनी 'फावल्या वेळाचा सदुपयोग' शिकवला, म्हणजे बसायची परवानगी होती, पण हातात सुया हव्यात. १९७२ नंतर महागाईविरोधी मोर्च्यांत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा हातात लाटणं होतं. ते निषेधाचं हत्यार होतं हे खरंच, पण स्वयंपाकघरातून बाहेर पडल्याची पावतीही होती, असं मला नेहमी वाटतं.

तुमचे यजमान भजनी मंडळ सुचवतात ते वाईट मनानं नव्हे. त्यांना तुमच्या जाण्याची अडचण नाही, निमित्त नाही याची अडचण आहे. गाण्याची आवड असेल तर भजनी मंडळात अवश्य जा. पण कॅरमवर पांघरूण म्हणून जाऊ नका. पांघरुणाला स्वतःचा खर्च असतो: प्रसाद आणायची पाळी, ठरावीक रंगाची साडी, हळदीकुंकू म्हटलं की वाण. शिवाय निमित्ताचा हिशेब मागता येतो. 'किती अभंग बसले?' असं कुणीही विचारू शकतं. मंगळागौरीचंच बघा, आता त्याचे सराव करणारे आणि सुपारी घेऊन खेळ करणारे गट आहेत. त्यात कमाई आहे, छानच आहे, पण ते काम आहे. तुमच्या रमीतून काहीही निष्पन्न होत नाही, हीच तिची जमेची बाजू.

बटणांचं बोलू. अमेरिकेत जोअ‍ॅन व्हानेक या संशोधिकेनं १९७४ मध्ये घरकामाच्या वेळाचे जुने हिशेब एकत्र करून दाखवलं की नोकरी न करणारी गृहिणी १९२४ मध्ये आठवड्याला साधारण ५२ तास घरकाम करत होती आणि १९६० च्या दशकात ५५ तास. मधल्या काळात वीज, नळ, धुलाईयंत्र, सगळं आलं होतं. तरी वेळ वाचला नाही, कारण कामाची इयत्ता वाढली. आपल्या ओट्याशी उभं राहून पाहिलं तर हे लगेच पटतं. पाट्यावर वाटायचं म्हणून पूर्वी वाटणाची भाजी सणावारी व्हायची. १९६० च्या दशकात सुमीतचे मिक्सर आले आणि पुढे रोजची चटणी, आठवड्याला इडलीचं पीठ हा नेम झाला. चादरी महिन्यानं धुतल्या जात, आता यंत्र आहे म्हणून आठवड्यानं. जात्यावर समोरासमोर दोघी बसत; मिक्सर एकटीनं फिरवायचा. एक काम मात्र खरोखर घराबाहेर गेलं, ते दळण. ते चक्कीवर गेलं आणि डबा उचलून आणायला घरातला पोरगा, पुरुष कुणीही चालू लागला. यंत्रानं बाईचा वेळ तिथं वाचला, जिथं कामाबरोबर जबाबदारीही दुसऱ्याकडे गेली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता ज्या वाक्यावर सगळ्यात जास्त अडखळायला झालं ते: 'फॉल-पिको तसंही फावल्या वेळातलं काम.' आंध्रातल्या नरसापूरला १९७० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी घरोघरी लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. त्या दिवसाला सहा ते आठ तास लेस विणत होत्या. पण व्यापारी, घरचे आणि त्या स्वतःही म्हणत, की या गृहिणी आहेत, रिकाम्या वेळात विणतात. रिकाम्या वेळाला मजुरीचा दर कोण लावणार? माल परदेशात जात होता आणि दर कवडीमोल राहिला. 'फावला वेळ' हा शब्द इतका महाग पडतो.

म्हणून फॉल-पिको बंद करायचा निर्णय घेण्याआधी एकदा हिशेब करा. एका साडीचा पूर्ण वेळ मोजा: रंग जुळवून फॉल आणणं, पट्टी पाण्यात भिजवून आटवणं, वाळवून इस्त्री, टाचण्या, खालची कड मशीनवर, वरची हातानं, पिको, घडी, पोचवणं. समजा साडीचे ८० रुपये मिळतात, २० ची पट्टी, ५ दोरा आणि वीज. हाती ५५. वेळ ७० मिनिटं निघाला, तर ताशी ४७ रुपये झाले. तुमचे आकडे घालून पाहा. मग तीन वाटा दिसतील: दर वाढवायचा, ज्या दुकानाच्या साड्या सारख्या परत येतात ते सोडायचं, किंवा काम खरंच बंद करायचं. पण बंद करायचं तर ते परवडत नाही म्हणून करा, रविवारच्या कॅरमची भरपाई म्हणून नको. ती कमाई गेली की घरात तुमच्या वेळाची किंमत आणखी खाली येईल.

एक कारागिरीची गोष्टही इथं येते. वरच्या कडेच्या हातशिलाईत सुईनं साडीचे एक-दोनच धागे उचलायचे असतात. एक कान कुकरकडे आणि एक डोळा दाराकडे असला की सुई जास्त कापड उचलते आणि टाका सुलट बाजूला दिसतो. घाईत पट्टी न भिजवता लावली, तर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि निऱ्यांची कड चुणते. साडी परत येते आणि दुसऱ्यांदा फुकट शिवावी लागते. तेव्हा या कामालाही वेळेचं कुंपण घाला. लिज्जतची पद्धत बघा: १९५९ मध्ये गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. तिथं मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटायचं आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी वजन करून द्यायचं. घरचं काम, पण माप आणि वेळ पक्की. तुम्हीही दारावर पाटी लावा: साड्या देणं-घेणं सकाळी ११ ते १, रविवारी बंद. बेल वाजेल तेव्हा उठणं थांबलं, की महिन्याभरात कामाची घडीच बदललेली दिसेल.

आळशी आहात का, याचं उत्तर वहीतून काढा. सरकारचं वेळवापर सर्वेक्षण ज्या रीतीनं होतं तीच रीत घरी वापरता येते. पहाटे ४ पासून दुसऱ्या पहाटे ४ पर्यंत दिवस धरतात, अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ रकाने. एका रकान्यात दहा मिनिटं किंवा जास्त चाललेली तीनपर्यंत कामं लिहितात. तुम्ही तीन दिवस घ्या: एक साधा वार, एक रविवार, एक पाहुण्यांचा किंवा सणाचा दिवस. चार उभे स्तंभ आखा: मुख्य काम, त्याच वेळी चाललेलं दुसरं काम, कुणासाठी, आणि 'या वेळी दाराला कुलूप लावून बाहेर जाता आलं असतं का?' शेवटचा स्तंभ सरकारी नाही, पण सगळ्यात कामाचा तोच आहे. टीव्हीसमोर मेथी निवडत बसलात, तर मुख्य काम मेथी, दुसरं टीव्ही. दुपारी आडव्या झालात, पण सासूबाईंच्या हाकेकडे कान, तर 'जाता आलं असतं का' मध्ये 'नाही'. ज्या रकान्यांत दुसरं काम कोरं आणि शेवटी 'हो', तेवढीच तुमची फुरसत.

वही बहुतेकींची फसते ती रात्री आठवून लिहिल्यानं. आठवणीत मोठी कामं उरतात, जोडीनं झालेली गळून पडतात. वही ओट्यावर ठेवा आणि दर दोन तासांनी भरा. जमलं तर यजमानांनाही तेच तीन दिवस भरायला द्या. भांडणासाठी नव्हे, निवृत्तीनंतर त्यांचा दिवस कसा बदलला आणि त्यानं तुमचा दिवस किती वाढला, हे त्यांनाही दिसू दे. साडेबाराचं गरम जेवण पूर्वी डब्यात जात होतं.

सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, ज्यांनी त्या दिवशी घरकाम केलं त्यांच्यात बायकांचा सरासरी वेळ होता २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांची नऊ. त्या नऊ मिनिटांचं पुरुषांनी काय केलं असेल, देव जाणे.

मग प्रत्यक्ष रविवार. साडेतीन ते साडेपाच या वेळात तुमच्या घरात काय काय होतं, ते कागदावर लिहा. बहुधा चार-पाचच गोष्टी निघतील: साडेचारची सासूबाईंची गोळी, सगळ्यांचा चहा, दार उघडणं, कुकरला काही लावलं असेल तर शिट्ट्या. यातलं एकेक काम पूर्ण द्या. 'मदत कर' म्हटलं की काम तुमचंच राहतं. चहा द्यायचा म्हणजे दूध आहे का बघण्यापासून सासूबाईंचा बिनसाखरेचा कप वेगळा काढणं, गाळणं धुणं आणि ओटा पुसणं, इथपर्यंत द्यायचा. दळण जसं घराबाहेर गेलं, तसा.

इथं हमखास होणारी चूक सांगते. बाई तीन वाजता थर्मास भरून ठेवते, ताटलीत बिस्किटं मांडते, गोळी वाटीत काढून ठेवते आणि मग खेळायला जाते. असे दोन तास फुकट मिळालेले नसतात, त्यांची किंमत आधीच मोजलेली असते. घरातल्यांना वाटतं काहीच बदललं नाही, आणि तुम्ही खेळाला थकून पोचता. थर्मास भरू नका. दुसरी चूक परतल्यावरची: ओट्यावर सांडलेली साखर बघून उसासा टाकत फडकं उचलणं. पहिले तीन-चार रविवार साखर सांडलेलीच असणार. ती ज्यानं सांडली तो पुसेल, किंवा मुंग्या येतील. मुंग्यांनी घर बुडत नाही. आणि या दोन तासांसाठी कामवालीला रविवारी बोलावू नका. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला तेव्हा पगाराबरोबर सुट्टीही मागितली होती. तुमची फुरसत तिच्या सुट्टीतून कापून काढायची नाही.

सासूबाईंना एखाद्या रविवारी गच्चीवर घेऊन जा. दर रविवारी नको, नाहीतर तिथंही तुम्ही ड्यूटीवर. त्यांच्या कुरकुरीत 'आम्हाला कुणी विचारलं नाही' असंही काही असू शकतं, आणि ते ऐकून घ्यायला कॅरम बोर्डासारखी दुसरी जागा नाही. त्यांच्याशी यंत्रांवरून वाद घालू नका. कष्टांची शर्यत लावली तर त्याच जिंकणार, आणि जिंकायला हव्यातच.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे किंवा लहान मूल आहे, त्यांना हे असं जमणार नाही. त्यांच्यासाठी तुम्हा पाचजणींसारखा गटच उपयोगी पडतो. दर आठवड्याला एकीनं दुसरीच्या घरी दीड तास बसायचं, आळीपाळीनं. मात्र बसणारीनं तिथं भांडी घासायची नाहीत, हे आधीच ठरवून घ्या. बाहेर नोकरी करणाऱ्यांनी वहीत लोकलचा वेळ वेगळा लिहावा. लोकलमध्ये शेंगा सोलणं, विणणं चालतं, पण ती फुरसत नव्हे, 'दुसरं काम'.

शेवटी बोलण्याचं. घरातले पुरुष बाहेर पडताना काय म्हणतात? 'जरा जाऊन येतो.' कुठं, कशासाठी, काही नाही. पार, कट्टा, टपरी, कुठंही. बायका म्हणतात: दळण घेऊन येते, देवळात जाऊन येते, ब्लाउज टाकून येते. प्रत्येक वेळी पुढं एक वस्तू किंवा एक देव. येत्या रविवारी साडेतीनला चपला घालताना फक्त 'जरा जाऊन येते' म्हणा. भजन नाही, दळण नाही, खुलासा नाही. 'कुठं?' असं विचारलं तर 'वर' एवढं पुरे. साडेचारच्या गोळीची आठवण पहिल्या रविवारी एकदा करून द्या. दुसऱ्या रविवारी नको.